ठिपक्यांच्या पुस्तकावर नोकरीचा निकाल लागू नये

भरतीच्या वैद्यकीय तपासणीत उमेदवारासमोर ठिपक्यांचं पुस्तक धरलं जातं. आकडा सांगायचा, पान उलटायचं, पुन्हा आकडा. दोन-तीन मिनिटांत फॉर्मवर ‘रंगांध’ असा शेरा पडतो, आणि रेल्वेचं इंजिन, विमानाचं कॉकपिट, जहाजावरचा पहारा अशी कितीतरी दारं त्या माणसापुरती बंद होतात. दोष कोणत्या प्रकारचा, किती तीव्र, आणि ज्या कामासाठी तो आला आहे त्या कामात त्याचं नेमकं काय चुकेल, यातलं काहीही त्या शेऱ्यात नसतं.

रंगदृष्टीची तपासणी हवीच. पण एकट्या ठिपक्यांच्या पुस्तकावरून कुणालाही कायमचं बाद करणं थांबलं पाहिजे. ते पुस्तक चाळणी म्हणून बनलं होतं. आपण त्यालाच तराजू मानून बसलो आहोत. आणि जिथे रंग ओळखण्यात चूक झाली की जीव जातो, तिथे इशारा एकट्या रंगाच्या भरवशावर सोडणाऱ्या यंत्राचीही तितकीच कडक तपासणी व्हायला हवी.

‘रंगांधळा’ हा शब्दच आधी घोटाळा करतो. ज्यांना एकही रंग दिसत नाही असे लोक फार विरळा, सुमारे ३० हजारांत एक. बाकीच्या सगळ्यांना रंग दिसतात, फक्त काही जोड्यांमधला फरक पुसट होतो किंवा नाहीसा होतो. हे का होतं ते नीट समजून घेतलं तर पुढचा सगळा वाद सोपा होतो.

दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकू पेशी असतात. त्यांची संवेदनशीलता साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरला सर्वाधिक असते. शाळेच्या पुस्तकात त्यांना निळी, हिरवी, लाल म्हणतात, पण ५६० नॅनोमीटरचा प्रकाश आपल्याला पिवळसर हिरवा दिसतो, लाल नव्हे. शिवाय एकट्या शंकू पेशीला रंग कळतच नाही. तिने प्रकाशाचा कण शोषला की ती एकच उत्तर देते, कण कोणत्याही तरंगलांबीचा असो. तरंगलांबीप्रमाणे बदलते ती फक्त कण शोषला जाण्याची शक्यता. त्यामुळे मंद पिवळा आणि झगझगीत लाल हे एकट्या पेशीला अगदी सारखे वाटू शकतात. दोन प्रकारच्या पेशींच्या उत्तरांची वजाबाकी होते तेव्हा कुठे रंगाची बातमी तयार होते. लाल-हिरव्याचा सगळा भेद ५३० आणि ५६० या दोन शिखरांमधल्या जेमतेम ३० नॅनोमीटरच्या अंतरावर उभा आहे.

या दोन रंगद्रव्यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर एकमेकांना खेटून बसलेली असतात. जेरेमी नेथन्स आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ती वाचली, तेव्हा दोन्ही प्रथिनं सुमारे ९६ टक्के सारखी निघाली. इतकी जुळी जनुकं शेजारी असली की पिढी पुढे सरकताना गुणसूत्रांच्या अदलाबदलीत ओळ चुकते. कुणाच्या वाट्याला एक जनुक कमी येतं, कुणाला अर्धं या जनुकाचं आणि अर्धं त्या जनुकाचं असं मिश्र जनुक मिळतं. जनुक गेलंच असेल तर एक प्रकारची शंकू पेशी नाहीशी होते. मिश्र जनुक असेल तर पेशी तीन प्रकारच्याच राहतात, पण दोन शिखरं जवळ सरकतात. अंतर ३० ऐवजी कुणात दहाच्या आसपास, कुणात दोन-तीनच. पहिल्याचं रोजचं कुठे अडत नाही, दुसरा जवळजवळ जनुक गमावलेल्यासारखाच. फॉर्मवर मात्र दोघांनाही एकच शेरा.

युरोपीय वंशाच्या पुरुषांत हा दोष सुमारे ८ टक्क्यांना असतो. आशियाई आणि आफ्रिकी वंशांत प्रमाण यापेक्षा कमी. त्या आठांतले साधारण पाच ‘ड्यूटान’ गटातल्या मिश्र जनुकाचे, म्हणजे ज्यांची मधल्या पल्ल्याची (५३० ची) पेशी सरकली आहे ते. उरलेले तीन सरळ वाटले जातात: मधली पेशी नसलेले एक टक्का, लांब पल्ल्याची (५६० ची) नसलेले एक टक्का, लांब पल्ल्याची सरकलेले एक टक्का. शेवटच्या दोघांना ‘प्रोटान’ म्हणतात. ड्यूटान सहा टक्के, प्रोटान दोन टक्के हे वेगवेगळे हिशेब आहेत याचा पुरावा स्त्रियांच्या आकड्यात सापडतो. बाईकडे दोन एक्स असतात, आणि दोन्हींवर दोष असला तरच तो दिसतो. म्हणून दोष एकच असता तर स्त्रियांत ०.०८ चा वर्ग, म्हणजे ०.६४ टक्के निघायला हवा होता. प्रत्यक्षात तो ०.४ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि ०.०६ चा वर्ग अधिक ०.०२ चा वर्ग यांची बेरीजही तेवढीच येते. एका एक्सवर प्रोटान आणि दुसऱ्यावर ड्यूटान जनुक असलेल्या बाईला दोन्हीकडचं चांगलं जनुक कामी येतं.

‘सामान्य’ डोळा हीसुद्धा कागदावर वाटते तितकी घट्ट गोष्ट नाही. ज्या प्रमाणित निरीक्षकावर, म्हणजे सरासरी डोळ्याच्या ठरवलेल्या नमुन्यावर, जगभरचं रंगमापन उभं आहे, तो १९३१ साली ठरला, आणि तो राइट यांनी तपासलेल्या १० आणि गिल्ड यांनी तपासलेल्या ७ अशा एकूण १७ माणसांची सरासरी आहे. रंगदृष्टी निर्दोष असलेल्या माणसांच्या जिवंत दृष्टिपटलाची छायाचित्रं घेतली तेव्हा लांब आणि मधल्या पल्ल्याच्या पेशींचं प्रमाण कुणात १ः१, तर कुणात १६ः१ सुद्धा आढळलं. तरीही हे सगळे जवळजवळ त्याच तरंगलांबीला शुद्ध पिवळा म्हणतात, कारण मेंदू आपला तराजू ज्याच्या-त्याच्या पेशींप्रमाणे लावून घेतो. मुद्दा असा की निसर्गात रंगदृष्टीची सलग उतरण आहे. त्या उतरणीवर रेघ मारावी लागते हे मान्य, पण ती कुठे मारायची हे कामावरून ठरवायचं असतं, पुस्तकाच्या पानावरून नाही.

ही रेघ पहिल्यांदा मारली गेली ती अपघाताच्या धक्क्याने. १५ नोव्हेंबर १८७५ च्या रात्री स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, नऊ माणसं गेली. उप्साला विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ फ्रितयोफ होल्मग्रेन यांनी ठामपणे मांडलं की यामागे रंगांधत्व असणार, आणि लोकरीच्या लडींची चाचणी घेऊन ते रेल्वेच्या अधिकाऱ्यांपुढे उभे राहिले. फिकट हिरवी लड समोर ठेवायची आणि ढिगातून तिच्या जातीच्या लडी वेचायला सांगायचं. हिरव्याबरोबर राखाडी किंवा बदामी उचलणारा पकडला गेला. ही चाचणी अनेक देशांत पसरली. पुढे इतिहास तपासणाऱ्यांना त्या अपघाताचं खापर रंगदृष्टीवर फोडायला पुरेसा पुरावा सापडला नाही. पण त्याआधीच नियम रुजून गेले होते. लोकरीतलं वैगुण्य मात्र लवकर उघडं पडलं. दिवसाच्या उजेडात हातभर अंतरावरची जाडजूड लड ओळखणं आणि धुक्यात दूरवरचा टिंबाएवढा दिवा ओळखणं ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. लोकरीत पास झालेले खलाशी दिव्यात नापास होऊ लागले, म्हणून कंदिलाच्या चाचण्या आल्या. तपासणी एका गोष्टीची आणि काम दुसऱ्याच गोष्टीचं, हा तिढा तिथूनच चालत आला आहे.

शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये जपानी लष्करासाठी आपल्या पाट्या, म्हणजे तेच ठिपक्यांचं पुस्तक, प्रसिद्ध केल्या. त्यांची युक्ती आजही थक्क करते. ठिपके लहान-मोठे, फिकट-गडद असे मुद्दाम विस्कटलेले, म्हणजे आकड्याची कड किंवा उजळपणा यावरून काही ताडता येऊ नये, फक्त रंगाचाच धागा हाती राहावा. पूर्ण आवृत्तीत ३८ पाट्या. पहिलीवरचा १२ सगळ्यांना दिसतो. तोही दिसत नाही म्हणणारा सोंग घेतोय किंवा त्याची नजरच अधू आहे. दुसरीवर सामान्य दृष्टीला ८ दिसतो, लाल-हिरव्याचा दोष असलेल्याला ३. काही पाट्यांवर दोष असलेल्याला आकडाच दिसत नाही, काहींवर फक्त त्यालाच दिसतो. बाविसावीवर २६ आहे: प्रोटानला त्यातला ६ ठळक दिसतो, ड्यूटानला २. निकाल पहिल्या २१ पाट्यांवर: १७ किंवा जास्त बरोबर आल्या तर दृष्टी सामान्य, १३ किंवा कमी आल्या तर दोष. मधल्या १४ ते १६ मध्ये येणारे थोडे, आणि त्यांना दुसऱ्या चाचण्यांकडे पाठवायचं असतं. चाळणी म्हणून हे काम फार उत्तम होतं. पण २१ पैकी १३ चुकवणारा आणि २१ पैकी २० चुकवणारा यांच्यात तीव्रतेचा फरक किती, हे या गुणांवरून सांगता येत नाही. अगदी सौम्य दोषाचा माणूसही बहुतेक सगळ्या पाट्या चुकवू शकतो, कारण पाट्यांचे रंग मुळात त्याच्या दोषाच्या रेषेवर नेमके बसवलेले आहेत.

चाचणी घेण्याची रीतही ठरलेली आहे. अंतर ७५ सेंटीमीटर, पाटी नजरेच्या रेषेला काटकोनात, खोलीत दिवसाचा पसरलेला उजेड, थेट ऊन नको, एका पाटीला तीन सेकंद. यातली उजेडाची अट सर्वांत महत्त्वाची आणि तीच सर्वांत जास्त मोडली जाते. पाट्यांची शाई उत्तरेकडच्या आभाळाच्या निळसर उजेडासाठी जुळवली आहे, म्हणजे सुमारे ६५०० ते ६८०० केल्विन (उजेडाच्या छटेचं माप). तारेच्या पिवळ्या दिव्याखाली, २८०० च्या आसपास, ठिपक्यांच्या जोड्यांमधला तोल बिघडतो आणि काही ड्यूटान उमेदवार सहज पास होतात. म्हणजे एकाच माणसाचा निकाल टेबल खिडकीपाशी आहे की भिंतीपाशी यावर पालटू शकतो. पानांवर बोट फिरवलं की घामाने शाईचे डाग पडतात, म्हणून कोरडा कुंचला किंवा हातमोजा वापरायचा. उघडं राहिलेलं पुस्तक उन्हाने फिकटतं, म्हणून बंद ठेवायचं. फोटोकॉपी, घरच्या प्रिंटरवरची प्रत किंवा फोनच्या पडद्यावरची पाटी यांना काही अर्थ नाही. पडद्याचे तीन प्राथमिक रंग आणि छपाईची शाई यांचे वर्णपट इतके वेगळे असतात की ठिपक्यांचा काळजीपूर्वक जुळवलेला तोल तिथे उरतच नाही. आणखी एक: पाट्यांचा क्रम आणि उत्तरं दोन्ही सगळ्या जगाला पाठ आहेत. प्रामाणिक उमेदवार बाद होतो आणि पाठांतर करणारा आत जातो, ही स्थिती प्रवाशांच्या दृष्टीनेही वाईटच.

तीव्रता मोजायची साधनं शंभर वर्षांहून जुनी आहेत. लॉर्ड रॅले यांनी १८८१ मध्ये दाखवलं की पिवळ्याशी जुळण्यासाठी लाल आणि हिरवा किती-किती मिसळायचा याबाबत काही माणसं ठामपणे वेगळी पडतात. त्यावर नागेल यांनी १९०७ मध्ये अ‍ॅनोमॅलोस्कोप बांधला. त्याच्या नळीतून दोन अर्धवर्तुळं दिसतात: एकात ५८९ नॅनोमीटरचा पिवळा, दुसऱ्यात ५४६ चा हिरवा आणि ६७० चा लाल यांचं मिश्रण, ० ते ७३ अशा मापावर. सामान्य डोळा चाळिशीच्या आसपास एका अरुंद पट्ट्यातच ‘दोन्ही सारखे’ म्हणतो. मिश्र जनुकाच्या माणसाचा पट्टा सरकलेला आणि रुंद असतो. जितका रुंद तितका दोष तीव्र. जनुकच नसलेल्याला ० पासून ७३ पर्यंत कुठेही जुळणी होते, फक्त पिवळ्याचा उजेड कमी-जास्त करावा लागतो. प्रोटान लालच्या टोकाला तो उजेड पार खाली आणतो, कारण त्याला गडद लाल अंधारलेला दिसतो. ड्यूटान फारसा हलवत नाही. एवढ्या एका नळीतून प्रकार आणि तीव्रता दोन्ही हाती येतात. यंत्र महाग आणि चालवायला सरावाचा माणूस लागतो, हे खरं. पण ते प्रत्येक दवाखान्यात कुठे हवं आहे? पुस्तकात अडकलेल्या थोड्या लोकांना ज्या केंद्रात पाठवायचं, तिथे एक पुरे.

आता विरोधी बाजूचं सर्वांत वजनदार उदाहरण. २६ जुलै २००२, अमेरिकेतलं टालाहासी, पहाटेचा अंधार. एक मालवाहू बोइंग ७२७ धावपट्टीच्या अलीकडेच झाडांवर आदळलं. विमानातले तिघेही गंभीर जखमी झाले, सुदैवाने वाचले. चौकशीत थकवा, कार्यपद्धतीतल्या चुका यांच्याबरोबर विमान हाताळणाऱ्या सहवैमानिकाच्या रंगदृष्टीतल्या तीव्र दोषाचीही कारणांत नोंद झाली. त्याला रंगदृष्टीच्या निकषातून सवलत मिळालेली होती. धावपट्टीशेजारी चार दिव्यांची ओळ असते. प्रत्येक दिवा वरून पाहणाऱ्याला पांढरा, खालून पाहणाऱ्याला लाल दिसतो. दोन पांढरे, दोन लाल म्हणजे तीन अंशांची उतरण बरोबर आहे. चारही लाल म्हणजे विमान धोकादायकरीत्या खाली आलं आहे. हे लाल-पांढरं ज्याला वेगळं करता येत नाही त्याने त्या उतरणीवर असूच नये, यात मला तिळमात्र शंका नाही. पण या अपघातातून ‘सगळ्यांना बाद करा’ हा धडा काढणं मला पटत नाही. सवलतीला सौम्य आणि तीव्र दोष वेगळे काढता आले नाहीत, म्हणून तो माणूस त्या जागी पोहोचला. सरसकट बंदी आणि ढिली सवलत या एकाच अडाणीपणाच्या दोन बाजू आहेत: दोन्हींत मोजमाप नाही.

मोजमाप केलं की काय होतं हेही समोर आहे. लंडनच्या सिटी विद्यापीठात जॉन बार्बर यांच्या गटाने एक संगणकीय चाचणी घडवली. राखाडी चौकडीतले चौकोन सतत उजळ-गडद होत लुकलुकतात, म्हणजे उजळपणाचा आधार घेता येत नाही, आणि त्यातून एक रंगीत ठसा तिरपा सरकतो. तो चारपैकी कोणत्या कोपऱ्याकडे गेला एवढंच बटणाने सांगायचं. बरोबर आलं की रंग फिका होत जातो, चुकलं की गडद. शेवटी आकडा मिळतो: सामान्य तरुण दृष्टीची मधली मर्यादा १ धरली, तर तुम्हाला किती पट रंग लागतो. मग याच लोकांना लाल-पांढऱ्या दिव्यांची हुबेहूब प्रतिकृती दाखवून पाहिलं. ड्यूटानमध्ये ६ च्या आतले आणि प्रोटानमध्ये १२ च्या आतले लोक ते दिवे सामान्य दृष्टीच्या माणसांइतकेच अचूक वाचतात, असं निघालं. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने २००९ मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि मर्यादा म्हणून स्वीकारलं. दोष असलेल्या उमेदवारांपैकी सुमारे ३५ टक्के या निकषावर सुरक्षित ठरतात. उरलेले ६५ टक्के बाहेरच राहतात, आणि राहायलाच हवेत. रेल्वे, जहाज, वीज, प्रयोगशाळा, प्रत्येक क्षेत्राने आपला कळीचा रंगनिर्णय कोणता हे असंच शोधून काढावं. हे एकदाच करायचं काम आहे, आणि ते न करता नियम लिहिणं म्हणजे अंदाजाला कायद्याचा शिक्का देणं.

दुसरी बाजू यंत्रांची. एक अगदी लहान वस्तू जवळून पाहू: बॅटरी चार्जरवरचा दुरंगी दिवा. एकाच दुधी टोपणात प्रकाश देणाऱ्या दोन चकत्या (चिप), तीन पायांची एलईडी. चार्ज होताना लाल, सुमारे ६२५ नॅनोमीटर. भरली की हिरवा, पण स्वस्त चकतीचा हिरवा प्रत्यक्षात ५६५ ते ५७० चा पिवळट हिरवा असतो. ५५० च्या पुढे निळ्या टोकाच्या शंकू पेशीचं उत्तर जवळजवळ शून्य होतं. म्हणजे ज्याच्याकडे उरलेल्या दोनपैकी एकच प्रकारची पेशी आहे, त्याच्या डोळ्याला या पट्ट्यात तुलनेला जोडीदारच नाही. ६२५ आणि ५६८ मधला फरक त्याच्यासाठी फक्त उजेडाचा, आणि टोपण एकच असल्यामुळे जागेचा आधारही गेला. रचनाकाराने नकळत नेमकी तीच जोडी निवडली जी काही कोटी माणसांना वेगळी करता येत नाही. उपाय तीन. ५०५ च्या आसपासचा निळसर हिरवा वापरायचा, वाहतुकीच्या दिव्यात असतो तसा. दोष असलेल्याला तो पांढरट दिसतो आणि लाल दिवा पिवळसर, गल्लत संपते. पण ही चकती ३ व्होल्टच्या आसपास पेटते, जुनी २ च्या आसपास. ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यावर रोधकाला (रेझिस्टरला) जेमतेम दोन-तीन दशांश व्होल्ट उरतात, आणि चकत्यांमधल्या किरकोळ फरकानेही उजेड हलतो, म्हणून पुरवठा किंवा रोधक बदलावा लागतो. दुसरा उपाय: दोन वेगळ्या जागी दोन दिवे. तिसरा उपाय फुकट आहे. चार्ज होताना दिवा सेकंदाला एकदा लुकलुकू द्या, भरली की स्थिर. सुटा भाग बदलत नाही, फक्त आतला प्रोग्रॅम बदलतो.

वाहतुकीच्या दिव्यात वर लाल, खाली हिरवा हा क्रम मदतीला असतो, पण रात्री दूरवरून खांब दिसत नाही, एकच ठिपका दिसतो. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये आडव्या दिव्यांत लाल चौकोनी, पिवळा समभुज चौकोनी, हिरवा गोल असे आकार वापरतात. लालची छटाही महत्त्वाची आहे. ६६० चा गर्द लाल सामान्य डोळ्याला भारदस्त वाटतो, पण प्रोटानला तो विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. नारिंगीकडे झुकलेला ६२० चा लाल त्याला कितीतरी लांबून दिसतो. धोक्याच्या दिव्यासाठी ‘गडद लाल’ मागणाऱ्याने हे आधी पाहावं.

कधी यंत्र बदलता येत नाही, तिथे कामाची पद्धत बदलते. इलेक्ट्रॉनिक्समधल्या रोधकाच्या पट्ट्या घ्या. तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ हजार ओहम, तपकिरी-काळा-हिरवा म्हणजे १० लाख ओहम. तिसरी पट्टी चुकली की हजारपट फरक. ड्यूटान माणसाला तपकिरी, लाल आणि हिरवा ही तिन्ही जवळची वाटू शकतात, आणि पट्टी मिलिमीटरभर रुंदीची, रंगलेपही कारखान्यागणिक वेगळा. सामान्य नजरेचे कारागीरही नारिंगी-लालमध्ये फसतात. मल्टिमीटरची दोन टोकं लावली की तीन सेकंदांत उत्तर मिळतं. प्रत्येक रोधक बसवण्याआधी मोजायचा हा नियम सगळ्यांनाच लागू केला, तर एका कारागिराला वगळण्याचं कारण उरत नाही आणि बाकीच्यांच्या चुकाही कमी होतात.

पडद्यावरच्या माहितीत चुकीला निमित्तच लागत नाही, कारण तिथे रंग फुकट मिळतो. शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा यांचं तेज प्रमाणित सूत्राने ०.२१ आणि ०.७२ येतं, म्हणून परस्पर तफावतीचं गुणोत्तर २.९, मजकुरासाठी किमान ४.५ लागतं. काळ्यावर शुद्ध लाल अक्षर मात्र ५.२५ मिळवून पास होतं. इथे सावध राहायला हवं. ते सूत्र प्रमाणित निरीक्षकाच्या डोळ्यावर बेतलेलं आहे. प्रोटानला तो लाल बराच काळवंडलेला दिसतो, आणि काळ्या पडद्यावरचा लाल इशारा त्याला निसटतो. सूत्र पास झालं म्हणून काम झालं असं नाही. आलेखांसाठी मासाताका ओकाबे आणि केइ इतो यांनी निवडलेला आठ रंगांचा संच चांगला आहे: त्यातला शेंदरी २१३, ९४, ० आणि निळसर हिरवा ०, १५८, ११५ (पडद्यावरच्या लाल, हिरव्या, निळ्याची मात्रा, ० ते २५५ मापावर) हे लाल-हिरव्याच्या जागी बेधडक वापरावेत. पण या दोघांचं तेज जवळजवळ सारखं आहे, गुणोत्तर जेमतेम १.१, त्यामुळे काळ्या-पांढऱ्या छपाईत ते एक होतात. म्हणून एक रेषा अखंड, दुसरी तुटक, आणि नाव रेषेच्या टोकालाच लिहायचं, कोपऱ्यातल्या रंगसूचीत नाही. नकाशांतल्या इंद्रधनुषी रंगपट्टीबद्दल तर माझं मत आणखी कडक आहे. तिचं तेज मध्ये पिवळ्यापाशी चढतं आणि दोन्ही बाजूंना उतरतं, त्यामुळे निर्दोष डोळ्यालाही नसलेल्या सीमा दिसतात. सतत चढत्या तेजाच्या ‘विरिडिस’सारख्या पट्ट्या उपलब्ध आहेत, मॅटप्लॉटलिब या सॉफ्टवेअरने २०१७ पासून तीच मूळ निवड ठेवली आहे.

रंगीत चष्म्यांबद्दल थोडक्यात. लाल भिंग किंवा ५८० च्या आसपासचा पट्टा कापणारी काच दोन रंगांमधला उजेडाचा फरक वाढवते, त्यामुळे ठिपक्यांतला आकडा वाचता येऊ शकतो. नवी शंकू पेशी त्याने मिळत नाही. एक जोडी सुटते तशी दुसरी एखादी जोडी गुंतते, आणि रात्री काच उजेडही खाते. चष्मा घालून पास झालेली चाचणी ग्राह्य धरू नये. जनुकोपचाराने २००९ मध्ये प्रौढ खारमाकडांना लाल-हिरवा ओळखता येऊ लागला हे विज्ञान म्हणून विलक्षण आहे. माणसांच्या भरतीचे नियम त्याची वाट पाहत थांबू शकत नाहीत.

आणि सुरक्षेचाच विचार करायचा तर सर्वांत मोठं भगदाड नोकरी लागल्यानंतरचं आहे. जन्मजात दोष आयुष्यभर स्थिर राहतो, माणूस त्याला सरावलेला असतो. नंतर येणारा दोष मात्र हळूच शिरतो आणि ज्याला येतो त्यालाच कळत नाही. क्षयावरचं इथॅम्ब्युटॉल दृष्टिचेतेला इजा करू शकतं, जास्त मात्रेत धोका वाढतो. काचबिंदू आणि मधुमेहात बऱ्याचदा आधी निळ्या-पिवळ्याचा भेद जातो, आणि इशिहाराच्या पाट्या निळ्या-पिवळ्याची तपासणीच करत नाहीत. वयाबरोबर नेत्रभिंग पिवळं होऊन निळा प्रकाश अडवतं, मोतीबिंदूत तर फारच. विसाव्या वर्षी पुस्तक वाचून आत आलेल्या माणसाला पन्नाशीत तेच पुस्तक पुन्हा दाखवलं तर तो तितक्याच सफाईने वाचेल, आणि नंतर आलेला दोष तसाच लपून राहील. त्यासाठी फिकट रंगांची डी-१५ चाचणी घ्यावी: एक टोपण ठरलेलं, उरलेली पंधरा टोपणं रंगांच्या क्रमाने लावायची, क्रम कोणत्या दिशेने तुटतो त्यावरून दोषाचा प्रकार कळतो. टेबलावर दिवसासारखा उजेड हवा, आणि एका वेळी एकच डोळा उघडा हवा. जन्मजात दोष दोन्ही डोळ्यांत सारखा असतो, म्हणून भरतीच्या वेळी दोन्ही उघडे ठेवले तरी चालतं. आजाराने आलेला दोष बहुधा एका डोळ्यात जास्त असतो, आणि दोन्ही उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची चूक बिनबोभाट झाकून टाकतो.